जेवून जा, मास्तर

शालिग्राम मास्तर सातवीच्या वर्गाला ‘ब्रेक’ हे क्रियापद शिकवत होते. पहिला तास निम्मा संपला होता आणि टेबलावर मोडलेल्या वस्तूंचा ढीग साठला होता. अकोल्याच्या प्रशिक्षणात साहेबांनी बजावलं होतं की इंग्रजी क्रियापद नुसतं सांगायचं नाही, करून दाखवायचं. मास्तर आज्ञाधारक माणूस. त्यांनी खडू मोडला, झाडूची काडी मोडली, तरी मागच्या बाकावरच्यांचे चेहरे कोरेच दिसले म्हणून एक लाकडी पट्टी मोडली. ती पट्टी मुख्याध्यापक दौलतसिंगांची निघाली. एवढं झाल्यावर धड्यात जी उदाहरणं उरली ती हाताने मोडता येण्यासारखी नव्हती. वचन मोडणं, उपास सोडणं, आणि सगळ्यात शेवटी ‘ब्रेक द न्यूज’.

“म्हणजे वाईट बातमी माणसाच्या अंगावर एकदम न टाकता जपून, पायरीपायरीने सांगणे,” मास्तर म्हणाले. एका पोरीने उठून विचारलं की जपून सांगायची तर मग मोडायची कशाला. मास्तरांनी इंग्रज लोक तसंच म्हणतात असं सांगून टाकलं. इंग्रजांवर ढकललं की सातवीतलं कोणी पुढे विचारत नसे. पण पट्टीचा जाब विचारायला आलेले दौलतसिंग दारातच उभे होते, आणि त्यांनी हा सगळा खुलासा ऐकला. हेच पुढे मास्तरांना भोवलं.

पाऊण तासाने पोस्टमन तार घेऊन आला. त्या काळात, म्हणजे पंचाहत्तर साली, किन्हीराजात इंग्रजी तार आली की ती ज्याच्या नावाची असेल त्याच्याकडे जाण्याआधी शाळेत यायची, कारण ती वाचणारा माणूस गावात एकच होता. मास्तर ऑफिसात गेले, चष्मा लावला, तार उघडली. अकोल्याहून अन्सारने पाठवली होती. पहिला शब्द ‘जानराव’. दुसरा ‘एक्स्पायर्ड’. पुढे एवढंच की चार वाजता ट्रकने आणतो.

जानराव रस्त्याच्या गँगवर मजूर होता, वय बत्तीस. काविळीने पिवळा पडला, गावठी औषधांनी आणखी पिवळा पडला, आणि शेवटी त्याच्या जिवाभावाच्या अन्सारने त्याला आपल्या ट्रकमध्ये घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, त्याला चार दिवस झाले होते. घरी म्हातारी आई चंपाबाई आणि बायको वच्छला. वच्छलाला आठवा महिना लागलेला.

दौलतसिंगांनी बौद्धपुऱ्यातून देवमनला बोलावून घेतलं. देवमन तिथला पंच, शिवाय जानरावचा चुलता. ऐकताच तो ऑफिसच्या फरशीवर भिंतीला टेकून बसला. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि कामाचं बोलायला सुरुवात केली. कोणाच्याही घरी असा एक माणूस असतोच, ज्याला रडायची पाळी सगळ्यांत शेवटी मिळते.

“मास्तर, मौत समजली का चूल बंद,” तो म्हणाला. “मंग माती होईलोग तोंडात घास नाही. म्हंजे उद्या सकाळलोग गेलंच. बुढी परवापासून उपाशी हाय. पोराची खबर आल्याबिगर जेवत नाही म्हनते. अन् ते जेवत नाही म्हून सून जेवत नाही. तिच्या पोटात लेकरू हाय. आधी त्या दोघीच्या पोटात भाकर गेली पाह्यजे. मंग सांगा.”

“मी?” मास्तर म्हणाले.

देवमनने समजावून सांगितलं की बौद्धपुऱ्यातला कोणीही दारात गेला की त्याचं तोंड पाहून बुढी ओळखेल. इथे तोंडावर काही न दिसणारा माणूस हवा होता. दौलतसिंगांनी त्याला दुजोरा दिला. मास्तरांच्या तोंडावर काही दिसत नाही हे ते आठ वर्षं पाहत होते. शिवाय वाईट बातमी जपून कशी सांगायची हे मास्तर आजच सातवीला शिकवत होते, आणि त्यात त्यांची पट्टीही कामी आली होती. एवढं ऐकल्यावर नाही म्हणायला तोंड राहिलं नाही.

चालता चालता मास्तरांनी हिशेब मांडला, आणि त्यांच्या ध्यानात एक भलतीच अडचण आली. पायरीपायरीने सांगायचं म्हणजे आधी तब्येत जरा नरम, मग फारच नरम, मग डॉक्टरांनी हात टेकले, आणि मग शेवटची पायरी. पण पहिल्या पायरीवरच बुढीच्या घशाखाली पाणी उतरणार नाही. जेवायला लावायचं तर खबर चांगली सांगायला हवी. म्हणजे बातमी आधी जिन्याने वर न्यायची, माडीवर बसवायची, तोवर दोघींना जेवू घालायचं, आणि मग ती खाली ढकलायची. असं काही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. मास्तरांना दरदरून घाम फुटला, आणि तो फक्त फाल्गुनातल्या उन्हाचा नव्हता.

चंपाबाई ओट्यावर सुपात तूर निवडत बसली होती. मास्तरांना पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शाळेत तार आली म्हणतात, ती कोणाची, असं विचारलं. गावात तार मास्तरांच्या पायांपेक्षा जोरात चालत असे. आतून वच्छलाही दाराशी येऊन उभी राहिली, एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर.

“तुमचीच आहे,” मास्तर म्हणाले. “जानराव बरा आहे. ताप उतरला. पेज घेतली त्याने.”

वच्छला तिथेच खाली बसली. चंपाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मास्तरांना वाटलं, जमलं. आयुष्यात आपण इतकं सफाईदार खोटं बोलू शकतो याचा त्यांना क्षणभर अभिमानही वाटला, आणि लगेच स्वतःचीच किळस आली. आता जेवून घ्या, असं त्यांनी दोघींना घाईघाईने सांगितलं. दोन दिवसांच्या उपाशी आहात, आता खबर आली, आता बसा.

“बसतो,” चंपाबाई म्हणाली. “पन खबर आननारा मानूस तसाच कसा जाईन? तुमी बसा आमच्यासंगं. दोन घास घ्या. जेवून जा, मास्तर.”

“मी आत्ताच जेवून आलो,” मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघत असे.

चंपाबाईने मान हलवली. मग राहू द्या म्हणाली, पाहुणा तसाच गेल्यावर आम्ही कसं जेवायचं, रात्री पाहू. आणि तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. वच्छलाही जागची उठली नाही. दोन दिवस ती रांधत होती, कोणी खात नव्हतं, आणि सगळं शेजारच्या शेळीच्या पोटात जात होतं. आजही भाकरी थापून झालेल्या होत्या. मास्तरांना चार वाजताचा ट्रक डोळ्यांपुढे दिसायला लागला. त्यांनी चपला काढल्या, आत गेले आणि मांडी घालून बसले.

आता खरं सांगायचं तर शालिग्राम मास्तर सुधारणावादी माणूस. चौदा एप्रिलला बौद्धपुऱ्यात त्यांचं भाषण ठरलेलं, आणि भाषण चांगलं असायचं. समतेवर बोलताना त्यांचा गळा भरून यायचा. भाषण झालं की चहा यायचा, आणि मास्तर म्हणायचे की आत्ताच घेऊन आलो. पोरांच्या सवलतीचे अर्ज ते ओट्यावर बसून लिहून द्यायचे, कोणी पाण्याचा गिलास पुढे केला तर तहान नाही म्हणायचे, आणि तहानलेले पाटीलपुऱ्यातल्या आपल्या घरी चालत जायचे. त्यांची आई अजून हयात होती आणि तिला कळलं तर काय होईल, असं ते स्वतःला सांगत. आठ वर्षं हे असंच चालू होतं. आज पुढ्यात पितळी ताट आलं, त्यात जवारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, कांदा, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मास्तरांनी पहिला घास घेतला. तोंडाला कोरड पडलेली, घास फिरत राहिला. पण गिळला. दुसरा घेतला.

चंपाबाई त्यांच्याकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती. तिचा हात भाकरीवर तसाच थांबलेला होता. मग तिने एकदम सुनेकडे वळून आवाज चढवला.

“वच्छे, वाढून घे. अन् मास्तरले आनखी वाढ. कितीक पेज घेतली म्हनता, मास्तर, जानरावनं?”

“वाटीभर,” मास्तर म्हणाले.

“वाटीभर म्हंजे आता तो भाकरही खाईन.” चंपाबाईने भाकरीचा तुकडा मोडला, चुनात बुडवला, तोंडात घातला आणि सुनेकडे बघत चावायला लागली. ते पाहून वच्छलाने स्वतःचं ताट ओढलं.

मास्तरांच्या जिवात जीव आला. वच्छला आता खात होती, आणि भुकेलं माणूस खातं तशी खात होती. मान खाली, बोटं चालू. अर्धी भाकर संपली तेव्हा तिने वर पाहिलं आणि तार बघायला मागितली. मास्तरांनी तार खिशात आहे, इंग्रजी आहे, समजणार नाही, असं सांगून पाहिलं. ती म्हणाली की समजायची नाही, नुसती हातात धरायची आहे. आता कागद न देण्याला कारण काय सांगणार? मास्तरांनी तो काढला. ती हात पुसून पुढे सरकली.

“यात त्यायचं नाव कुठं हाय?” तिने विचारलं.

मास्तरांनी कागद तिच्या पुढ्यात धरला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. पुढच्या शब्दावर त्यांनी अंगठा दाबला. तिला इंग्रजीतलं ओ की ठो येत नव्हतं, तरी त्यांनी तो इतका घट्ट दाबला की नख पांढरं पडलं. वच्छलाने नावाच्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं, एकदा इकडून तिकडे, मग परत. एवढंसं लिहिलंय, म्हणाली. आणि हसली. मास्तरांना त्या क्षणी जमीन दुभंगेल तर बरं, असं वाटलं.

पण जमीन दुभंगली नाही आणि वच्छला ताटावरून उठायला लागली. ताप उतरला, पेज घेतात, तर दीडच्या एसटीने जाऊन भेटूनच येते म्हणाली. चार भाकरी बांधून घेते, मधे एक गाडी बदलली की अंधार पडायच्या आत अकोला. मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. चांगल्या बातमीचा असाही ताप होऊ शकतो, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. ते काहीतरी खड्ड्यांचं, काहीतरी दिवस भरत आल्याचं बोलायला लागले, पण शब्द एकात एक अडकले. चंपाबाईने मध्येच तोडलं.

“बस खाली. कायले जातं? आजच येऊन राह्यला तो. मास्तर म्हनले ना मले.”

मास्तर तसं म्हणाले नव्हते. त्यांनी बुढीकडे पाहिलं. ती सुनेच्या ताटात आणखी एक भाकर टाकत होती. आईच्या कानाला हवं तेच ऐकू येतं, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. आता ही आज वाट पाहणार. आता हिला जेवढ्या उंचीवरून खाली आणायचं, तेवढा मार जास्त लागणार. बातमी माडीवरून गच्चीवर गेली होती.

तेवढ्यात घरामागच्या वाटेने दोन माणसं खांद्यावर हिरवे बांबू घेऊन चालली होती. देवमनने त्यांना मागच्या वाटेने पाठवलं होतं, कारण पुढून नेले तर दिसतील. पण मागच्या कुडाला मोठं भगदाड होतं आणि वच्छला बरोबर त्याच्यासमोर बसली होती, हे देवमनला कसं ठाऊक असणार? तिने भगदाडातून हाक मारून बांबू कशाला म्हणून विचारलं. पुढचा माणूस जागीच थांबला. मागच्याला कळलं नाही, तो चालत राहिला, आणि बांबू पुढच्याच्या मानेत शिरला. दोघंही तिच्याकडे पाहत उभे राहिले. एक म्हणाला गोठ्यासाठी. त्याच दमात दुसरा म्हणाला लग्नासाठी.

“मीच सांगतले होते,” चंपाबाई आतून म्हणाली. “पोरगा येऊन राह्यला, दारात चार मानसं बसतीन, ऊन लागते. मांडव घाला लागन. टाका रे इकडे आंगनात.”

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली, कारण दुसरं काय करणार? बांबू अंगणात आले. मास्तरांना पुढ्यातलं ताट दिसेनासं झालं. बुढीने आपल्या पोराची तिरडी हौसेने दारात मागवून घेतली होती, आणि ती तिला मांडव वाटत होती. हे पाप आपल्या माथ्यावर येणार याबद्दल त्यांना शंका राहिली नाही. वच्छलाने काही न समजून परत मान खाली घातली. तिने दुसरी भाकर संपवली. वर लोटाभर पाणी प्यायली. दोन दिवसांनी पोट भरलं की माणसाला गुंगी येते, तशी तिला आली. सासूने तिला आतल्या अंगाला गोधडी टाकून दिली आणि जरा पड म्हणाली, तो येईल तोवर डोळा लागू दे. ती कुशीवर वळली आणि थोड्या वेळाने तिचा श्वास एकसारखा ऐकू यायला लागला.

चंपाबाई बाहेर येऊन ओट्यावर बसली. मास्तरही बसले. दीड वाजून गेला होता. एसटी फाट्यावरून धूळ उडवत निघून गेली. आता सांगायलाच हवं होतं. मास्तरांनी घसा साफ केला आणि पहिली पायरी शोधली. कितीही चांगला झालेला आजार उलटू शकतो, असं काहीसं त्यांनी मनात जुळवलं आणि तोंड उघडलं.

“ट्रक किती वाजता येते, मास्तर?” चंपाबाई म्हणाली.

मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी अगदी शाळकरी पोरासारखं विचारलं, कोणता ट्रक.

“अन्सारचा. मेल्या मानसाले यष्टीत कोन घेते?”

सुपातली तूर तशीच होती. तिने त्यातले दोन खडे उचलून अंगणात टाकले. चार वाजता, असं मास्तर कसंबसं म्हणाले. तुम्हाला कोणी सांगितलं, देवमनने?

“देवमन इकडे फिरकला नाही. तुमीच सांगतलं.”

मास्तरांनी शपथेवर सांगितलं की आपण एक शब्दही बोललो नाही.

“बोलाले कायले लागते,” चंपाबाई म्हणाली. तिचा आवाज तूर निवडतानाचाच होता. “आठ वर्सं झाले तुमी या गावात शिकवून राह्यले. भाषन देता, पोराईचे अर्ज लिहून देता. तुमी चांगले मानूस हा, मी नाही म्हनत नाही. पन माह्या घरच्या पान्याचा गिलास तुमी कधी तोंडाले लावला नाही. आज मांडी घालून बसले. भाकर खाल्ली. एक घास गिळला, तं दुसराही घेतला. तवाच समजलं का माहा पोरगा गेला.”

मास्तरांना काही बोलायचं होतं. आईचं सांगायचं होतं, भावकीचं सांगायचं होतं, मनात तसं काही नाही हे सांगायचं होतं. बुढीच्या बोलण्यात राग असता तर त्यांनी तेही सांगितलं असतं. पण तिला राग नव्हता, तिने फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. मग त्यांना आठवलं की हे कळल्यानंतर तिने भाकरीचा तुकडा मोडला होता, सुनेकडे बघत तो चावला होता, गिळला होता, आणि पोरगा आज येतो म्हणाली होती.

“मग तुम्ही जेवलात कशा?” त्यांनी विचारलं.

“मी नसती जेवली तं सून जेवली असती काय?”

मास्तरांना हुंदका फुटला. तोंडावर काही न दिसणाऱ्या त्या माणसाचं सगळं तोंड एकदम वाकडं झालं, चष्मा नाकावरून घसरला, आणि त्यांना भोकाड पसरून रडायला येऊ लागलं. जानरावसाठी की आणखी कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. चंपाबाईने झटकन पुढे सरकून आपल्या पदराचा बोळा त्यांच्या तोंडावर दाबला. दुसरा हात तिने त्यांच्या पाठीवर ठेवला आणि लहान लेकराला थोपटतात तसं थोपटलं.

“हळू, मास्तर,” ती कानाशी म्हणाली. “पोरगी आताच निजली. चार वाजेलोग तिचा नवरा जिता हाय. तेवढं निजू द्या तिले.”

मास्तरांनी पदर दातात धरला आणि मान हलवली.